ऐंशी पानांचा बाजार

शनिवार पेठ, पुणे
१२ जानेवारी

प्रिय ताई,

तू मला सगळीकडून ब्लॉक केलं आहेस. फोनवर केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर केलंस, आणि परवा तुला एक रुपया पाठवून पाहिला तेव्हा कळलं की तिथूनही केलंस. पोस्टखात्यात ती सोय नाही, म्हणून हे पाच रुपयांचं पाकीट. नागपूरच्या तुझ्या क्वार्टरचा पत्ता आईकडून काढला. सर्टिफिकेट पाठवायचंय असं तिला सांगितलं. खोटं बोलले, पण कोणाचं नुकसान झालं नाही.

वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण फाडू नकोस. पवनीला घरी जाशील तेव्हा आईच्या ट्रंकेत टाक.

मी बरी आहे. हे आधी सांगते, कारण तू नर्स आहेस आणि पहिल्यांदा तेच बघशील. वजन दोन किलो कमी झालंय, ते इथल्या गोड वरणामुळे. आमटीत गूळ घालतात आणि वर विचारतात, "तिखट झालंय का?"

तू पैसे पाठवणं बंद केल्याला चौदा महिने झाले. आतापर्यंत ट्यूशनवर भागलं. आता एमएस्सीचं शेवटचं सत्र आहे, प्रोजेक्ट आहे, आणि माझी दोन्ही पोरं दहावीच्या क्लासला गेली, म्हणजे ट्यूशन संपली. कॉलेजात कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात पुस्तकं लावते, त्याचे महिन्याला चार हजार मिळतात. कॉटचं भाडं तीन हजार, मेस चोवीसशे, बाकी साबण, झेरॉक्स, बस मिळून आठशे. म्हणजे दर महिन्याला बावीसशे कमी पडतात. मेअखेरपर्यंत साडेचार महिने, शिवाय परीक्षा फी एकवीसशे. एकूण लागणार बारा हजार. जवळ आहेत अकरा हजार सहाशे. तू म्हणायचीस ना, माझं डोकं फक्त आकड्यांत चालतं? बघ, चारशेचाच घोळ आहे. तेवढे कुठूनही निघतील.

नाही निघाले तर बाबांना फोन करावा लागेल आणि बाबा म्हणतील, "ये ना मग वापस, शाळेत जागा हाय." ती जागा अजून रिकामीच आहे, पंधरा दिवसांनी एकदा ते मला आठवण करून देतात. परीक्षेआधी परत गेले तर मी पुन्हा इकडे येणार नाही हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

मेसचे चोवीसशे वाचून तुला आश्चर्य वाटलं असेल. इथला दर बत्तीसशे आहे. मी घासाघीस केली! दुर्गामावशी म्हणून आहेत, आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची मेस आहे. मी म्हटलं, मला परवडत नाही, चोवीसशे देईन. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "कुठली गं तू?" भंडारा जिल्हा म्हटल्यावर म्हणाल्या, "लांबून आलीस भांडायला. ये. पण दुपारी दोनच्या आत यायचं न्हाय आणि रात्री साडेनवाच्या आत न्हाय." माझी लेक्चरं तशीही पावणेदोनपर्यंत असतात. मला काय त्याचं! आठशे रुपये वाचवले की नाही?

तुझी,
शेफाली


२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे कोणीतरी घेतलं. मी ते तूच घेतलंस असं धरून चालले आहे.

आज मी मार्केट यार्डात गेले होते. पहाटे साडेपाचला, दुर्गामावशींच्या टेम्पोत, कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर बसून. कोणी बोलावलं नव्हतं. बत्तीसशे रुपयांत महिनाभर दोन वेळचं पोटभर कसं देतात, हे मला कळत नव्हतं. आम्ही कॉटवरच्या चौघींनी मिळून एकदा गॅसवर करून पाहिलं, तर त्याहून महाग पडलं आणि पोळ्या कोणी लाटायच्या यावरून भांडण झालं ते वेगळं. म्हणून म्हटलं, बघू तरी.

मावशी मूळच्या फुरसुंगीकडच्या. नवरा यार्डात हमाल होता, तो गेल्यावर त्यांनी मेस काढली. त्यामुळे सगळा गाळा त्यांना ओळखतो. व्यापारी भाव सांगतो, मावशी पोत्यावर हात ठेवतात आणि गप्प उभ्या राहतात. थोड्या वेळाने तोच भाव खाली आणतो. फ्लॉवर घेताना एकाने विचारलं, "किती पानं आज?" मावशी म्हणाल्या, "ऐंशी."

ताई, माझा नंबर चौऱ्याण्णव आहे. मेसमध्ये प्रत्येकाला नंबर असतो. दारात नंबर सांगायचा, मावशी वहीत खूण करतात, आपण ताट घ्यायचं. म्हणजे माणसं चौऱ्याण्णव आणि बाजार ऐंशी पानांचा. मी टेम्पोत बसल्या बसल्या विचारलंच.

"मावशी, ऐंशीच का?"

"ऐंशीच लागत्यात."

"आणि सगळे आले तर?"

"येत न्हाईत."

"पण कसं कळतं तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अंगणवाडीतून पळून आले आहे. मग बोटांवर मोजत सांगायला लागल्या. सोमवारी उपासवाले नऊ. शनिवारी सातारा, नगर, बारामतीवाले गावाला, म्हणजे वीसेक. घरून पैसे आले की दोन दिवस पोरं हॉटेलात जातात, ते साधारण पाच तारखेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी एकूण एक हजर, पेपर संपला की शुकशुकाट. "आन् वांगं केलं की बारा कमी."

मी ऐकतच राहिले. आम्ही सांख्यिकीत दोन वर्षं ज्या गोष्टीसाठी सूत्रं पाठ करतोय ती ही बाई पोत्यावर बसून करते. त्याच दिवशी सरांना विचारून प्रोजेक्टचा विषय बदलला. आता मी रोज मेसमध्ये कोण आलं, कोण नाही याची नोंद करणार आहे. मावशींनी वही बघू दिली. म्हणाल्या, "बघ. वाचून पोट भरत असंल तर भर."

तुला हे सगळं सांगावंसं वाटलं. दुसरं कोणी ऐकून घेणारं नाही. माझी रूममेट प्रियदर्शनी म्हणते, "सिरियसली, तू लोकांची गैरहजेरी मोजतेस? गेट अ लाइफ." तीच दर शनिवारी साताऱ्याला पळते, तिचा नंबर एकेचाळीस.

कोण कुठे जातं, का जातं, हे मला कळल्याशिवाय राहवत नाही. हे तुला नव्याने सांगायला नको. त्या दिवाळीला तुझं पासबुक मी मुद्दाम उघडलं नव्हतं, पंख्याची पावती शोधत होते. पण दर महिन्याचे ते दोन हजार दिसले आणि मी सगळ्यांसमोर विचारलं. मामा बसलेले, बाबा बसलेले. मला खरंच फक्त जाणून घ्यायचं होतं. बाबा एवढ्या मोठ्याने "कोनाले देऊन राहिली वं तू पैसे?" म्हणतील असं वाटलं नव्हतं.

शेफाली


१६ फेब्रुवारी

ताई,

आज फार खुशीत आहे, त्यामुळे अक्षर वाईट येणार.

आधी खाडा म्हणजे काय ते सांगते, तुमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये नसेल. दोन दिवस किंवा जास्त गावाला जाणार असलं की आदल्या दिवशी मेसमध्ये सांगायचं. तो खाडा. तेवढे दिवस पुढच्या महिन्यात धरतात. न सांगता गेलात तर जेवण बुडालं. आणि पोरं सांगतच नाहीत! विसरतात, नाहीतर एकाच दिवसासाठी जातात, नाहीतर अचानक मित्राकडे. मावशींच्या वहीतून मागच्या तीन आठवड्यांच्या नोंदी काढल्या. चौऱ्याण्णवपैकी रोज सरासरी चौदा जण पैसे भरूनही जेवायला येत नाहीत. चौदा ताटं, ताई, दोन्ही वेळा. भरलेले पैसे पाण्यात.

मी एक ग्रुप काढला. नाव 'खाडा कट्टा'. ज्याला जायचं नाही त्याने तासभर आधी आपला नंबर टाकायचा. ज्याला हवं त्याने त्या नंबरावर जेवायचं आणि त्याला तीस रुपये द्यायचे. न जेवणाऱ्याला तीस रुपये परत, जेवणाऱ्याला तिसात पोटभर. मावशींना त्यांचे पैसे आधीच मिळालेले. कोणाचंच नुकसान नाही!

पहिल्या दिवशी सहा जण होते, आज अठ्ठेचाळीस आहेत. प्रियदर्शनीला मागच्या शनिवार-रविवारचे एकशेवीस रुपये मिळाले. आता ती मला लाइफबद्दल काही बोलत नाही. बाकीच्या पेठांतल्या मेसवालेही विचारायला लागलेत. इंजिनिअरिंगचा सूरज म्हणून एक आहे, तो याचं अ‍ॅप करू म्हणतो.

ते चारशे रुपये सुटले बहुतेक. कसे ते पुढे कधीतरी सांगेन.

तुझ्याकडेही असं काहीतरी असेल ना, जे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं आणि कोणाला दिसत नाही? वॉर्डात? लिहिलंस तर वाचायला आवडेल. पाकिटात तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घातलंय.

तुझी हुशार बहीण


२ मार्च

ताई,

पाकीट आलं नाही. असू दे.

आज दोन वाजता गेले तर पोळ्या संपल्या होत्या. सोळा महिन्यांत पहिल्यांदा. चंद्रभागाबाई, ज्या पोळ्या लाटतात, त्यांनी परात उलटी करून दाखवली. भात होता, तो आम्ही सगळ्यांनी वाटून घेतला. मावशी म्हणाल्या, "आज जरा अंदाज चुकला."

त्यांचा अंदाज चुकतो? मी नोंदवहीत लिहून ठेवलंय. कारण शोधायला हवं.

शेफाली


९ मार्च

प्रिय ताई,

कारण सापडलं. सांगताना लाज वाटते आहे, पण तुलाच सांगणार. दुसऱ्या कोणाला सांगायला तोंड नाही.

आमच्या शेवटच्या पंगतीत बापूराव म्हणून एक जण असतात. कसबा पेठेत पुस्तकं बांधायचं दुकान आहे, पोरांचे प्रबंध बांधून देतात. सत्तरीचे असतील. बोटांना कायम खळ लागलेली. सव्वा वर्ष आम्ही समोरासमोर जेवतो, पण मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं, बघ. जे समोर बसून जेवत होते तेवढेच मला दिसले नाहीत.

या आठवड्यात तीन वेळा पोळ्या संपल्या, दोनदा भाजीसुद्धा. बापूराव दारात यायचे, आत नजर टाकायचे आणि म्हणायचे, "आज भूक नाही हो विशेष," आणि परत फिरायचे. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग गेले. हेर बनून नव्हे, मला कळत नव्हतं म्हणून. ते दुकानाच्या पायरीवर बसून चहात पाव बुडवून खात होते. मला पाहिल्यावर पाव बाजूला ठेवला आणि म्हणाले, "या. प्रबंध आणलात?"

मी म्हटलं, "बापूराव, तुम्ही जेवायला का थांबत नाही?"

"थांबून काय करू? उरलं तर आपलं."

"उरलं तर म्हणजे? आपण पैसे भरतो."

ते हसले. "पोरी, तू किती भरतेस?"

"चोवीसशे. घासाघीस करून."

"मी पंधराशे भरतो. ते पलीकडचे परीक्षेवाले दोघं गेले दोन महिने काहीच भरत नाहीत. ऐंशीच्या वरचे सगळे नंबर असेच आहेत. बाजार ऐंशी पानांचा होतो. त्यातले चौदा-पंधरा येत नाहीत, ते आपण जेवतो. म्हणून तर आपल्याला दोननंतर बोलावतात." मग म्हणाले, "तुला कोणी सांगितलं नव्हतं होय? मला वाटलं, तुला हिशेबातलं कळतं."

ताई, मी रोज वहीत लिहीत होते, आज चौदा ताटं वाया. आणि लिहून झालं की त्यातलंच एक ताट घेऊन जेवायला बसत होते.

आता ती चौदा ताटं 'खाडा कट्टा' खातो. दोन वाजेपर्यंत ऐंशीच्या ऐंशी नंबरांवर खुणा झालेल्या असतात. एवढंच नाही. अकरा पोरांनी महिन्याचे पैसे भरणंच सोडलं आहे, रोज तीस रुपयांत दुसऱ्याच्या नंबरावर जेवतात. शहाणी पोरं आहेत, माझ्यासारखीच. मावशी गुढीपाडव्याला मेस बंद करायचं म्हणतात, असं चंद्रभागाबाईंनी सांगितलं. त्या बावीस वर्षं तिथे पोळ्या लाटतात.

आणि ते चारशे रुपये. मी प्रत्येक ताटामागे दोन रुपये घेत होते, ग्रुप चालवायचे. अकराशे चाळीस जमले.

घासाघीस केली म्हणून मी तुला केवढ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते पत्र फाडलंस तरी चालेल.

आणखी एक. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू पैसे पाठवणं बंद केलंस. तसं झालं नव्हतं. दिवाळीनंतरच्या महिन्यातही तू पाच हजार पाठवले होतेस. एवढा तमाशा झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी डबाही न घेता निघून गेल्यावर. मी ते परत पाठवले आणि वर लिहिलं, "आधी तुझा हिशेब सांग." त्यानंतर तू मला ब्लॉक केलंस. मी इथे सगळ्यांना सांगते की बहिणीने पैसे बंद केले. प्रियदर्शनीलाही तेच माहीत आहे.

शेफाली


२३ मार्च

प्रिय ताई,

गेल्या रविवारी ग्रुप बंद केला. नुसता बंद करून चालणार नव्हतं, म्हणून आधी सगळं लिहिलं. ऐंशी पानं, चौदा जण, शेवटची पंगत, माझे दोन रुपये, सगळं. बापूरावांचं नाव घातलं नाही. मग एकाने लिहिलं, "आम्ही भरलेल्या पैशाचं आम्ही काय करायचं ते आम्ही ठरवू." त्याचंही चूक नाही. सूरजने दुसरा ग्रुप काढला. एकदा दाखवलेली युक्ती परत घेता येत नाही, हे मला सूरजने शिकवलं. पण अकरापैकी सात जणांनी पुन्हा पूर्ण महिना भरला. प्रियदर्शनी या शनिवारी साताऱ्याला गेली ती खाडा न सांगता, मुद्दाम. जाताना म्हणाली, "माझं ताट कोणाला द्यायचं ते मावशींना ठरवू दे."

त्या रविवारीच मावशींकडेही गेले. दुपारी चारला, त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. अकराशे चाळीस रुपये पाकिटात घालून नेले होते. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले.

मी म्हटलं, "मावशी, तो ग्रुप मी काढला."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"एकेचाळीस नंबर सोमवारी पोरगी व्हती. शनिवारी मिशी घेऊन आली. मी काय आंधळी हाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"ताटावर बसल्याला कुणाचा नंबर म्हणून उठवू? माझ्याच्यानं व्हत न्हाय ते." त्यांनी खडा काढून बाजूला टाकला. "वाटलं, पोरांचं खूळ हाय, जाईल. तुझं हाय म्हणून न्हाय गेलं. तू चिवट."

मी पाकीट पुढे केलं. मला वाटलं होतं, नको म्हणतील. त्यांनी उघडून मोजले आणि कमरेला खोचले. म्हणाल्या, "तेलाचा डबा येईल निम्मा."

मेस बंद करणार का, हे विचारायला धीर होत नव्हता. मीच, ताई, आणि मला विचारायला धीर होत नव्हता! शेवटी त्यांनीच सांगितलं. बंद नाही करणार. पाडव्यापासून नंबर सांगायचा नाही, तोंड बघून ताट मिळणार. आणि शेवटच्या पंगतीत आता चौदा जण जेवणार नाहीत, नऊ जेवतील. तेवढंच झेपतंय.

"पाच जण कोण कमी होणार?"

"बघते."

मी तिथेच सांगितलं की एक मी कमी. मार्चपासून पूर्ण बत्तीसशे भरते, दोनच्या आत, सगळ्यांबरोबर येऊन जेवते. सरांनी मला शेवटच्या लेक्चरमधून पंधरा मिनिटं आधी जायला परवानगी दिली आहे. मावशींनी पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं.

"कुठनं आणणार?"

"बघीन."

"तुझ्याकडं न्हाईत म्हणून तर तू चोवीसशे भरत व्हतीस. रात्रीतनं खाण सापडली का?"

मी म्हटलं, बहीण आहे नागपूरला, पण आम्ही बोलत नाही. तिचे पैसे मी परत केले होते. आता कोणत्या तोंडाने मागू?

तर म्हणाल्या, "मागायला तोंडच लागतं. तुला बक्कळ हाय." आणि पुन्हा तांदळात बघायला लागल्या.

हे सगळं आठ दिवसांपूर्वीचं. आठ दिवस मी मागायचं कसं ते ठरवते आहे. तुझ्याकडून पैसे न घेता परीक्षा दिली की मग तुला दाखवीन, असं मी सोळा महिने मनात म्हणत होते. कोणाकडून काही न घेता राहते आहे, याचा मला फार गर्व होता. आणि मी रोज दोन वेळा कोणीतरी न खाल्लेलं जेवत होते, मावशींनी हिशेबात न धरलेलं, आणि त्यावर पोट भरून तुला टोमणे मारणारी पत्रं लिहीत होते. मला याचं वाईट वाटतं. त्या दिवाळीचंही वाटतं. मामांसमोर तुझा चेहरा कसा झाला होता ते मला तेव्हाही दिसलं होतं. मी दिसलं नाही असं दाखवलं.

बाबांना मागितले तर ते देतील आणि घरी बोलावतील. म्हणून त्यांना मागणार नाही. तुला मागते.

ताई, मला अठ्ठावीसशे रुपये पाहिजेत. मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांचे मेसचे वरचे आठशेप्रमाणे चोवीसशे आणि आधीचेच कमी पडणारे चारशे. जमेल तेव्हा परत करीन असं लिहिणार होते, पण ते खोडलं. उसने मागत नाही. मोठी बहीण आहेस म्हणून मागते. परीक्षा फीची शेवटची तारीख पाच एप्रिल आहे. मार्चचे मी फीच्या पैशातून भरून टाकले, कारण मावशींना शब्द दिला होता. उरलेत ते कॉटच्या भाड्याचे, त्यामुळे पाचच्या आत मिळाले नाहीत तर यंदा परीक्षेला बसता येणार नाही. तुला घाबरवायला लिहीत नाही, आहे ते सांगितलं.

तुझ्यावर रात्रपाळ्या किती असतात, तुझ्या खात्यात महिनाअखेरीला काय उरतं, हे मला काहीच माहीत नाही. कदाचित तुझ्याकडे नसतील. कदाचित असतील आणि तुला द्यायचे नसतील. दोन्ही मला समजेल.

फक्त नाही म्हणायचं असेल तर फोन करून म्हण. तुझा आवाज ऐकून सोळा महिने झाले.

शेफाली